रोजगार हेक्टरात मोजता येतो का?

कोणत्याही शहराच्या विकास आराखड्याचा अहवाल उघडला की त्यात एक तक्ता हमखास भेटतो. पहिल्या रकान्यात वर्ष, दुसऱ्यात त्या वर्षीची अंदाजित लोकसंख्या, तिसऱ्यात काम करणाऱ्यांचे प्रमाण, पुढे उद्योग, व्यापार आणि सेवा अशी त्यांची वाटणी, आणि अगदी उजवीकडे हेक्टर. हा शेवटचा आकडा नकाशावर जांभळ्या आणि निळ्या पट्ट्यांच्या रूपाने उतरतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे आराखड्याची फेरतपासणी वीस वर्षांतून एकदा व्हावी अशी अपेक्षा असते, म्हणजे हा आकडा एका पिढीच्या पोटापाण्याशी बांधला जातो. माझे म्हणणे असे की हा आकडा ज्या रीतीने काढला जातो ती रीत सदोष आहे, आणि ‘जितकी जमीन राखाल तितका रोजगार मिळेल’ हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष तर साफ चुकीचा आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो विचारी माणसांचा आहे. त्यांचे म्हणणे असे: शहरात माणसे कामासाठी येतात. कामाला जागा लागते. ती आधीच राखून ठेवली नाही तर घरबांधणी ती गिळून टाकते, कारण घरांचा भाव कारखान्याला कधीच परवडत नाही. भूसंपादनाला वर्षे लागतात. रस्ते, पाणी, वीज, सांडपाणी यांची सोय कारखाना येण्याच्या दहा वर्षे आधी ठरावी लागते. तेव्हा कुठला तरी आकडा हातात हवा, आणि लोकसंख्येला कामकऱ्यांच्या प्रमाणाने गुणून हेक्टरी कामगारांच्या संख्येने भागणे हाच तो मिळवण्याचा सरळ मार्ग आहे. केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांतही शहराच्या आकारमानानुसार निवासी इतके टक्के, औद्योगिक इतके टक्के अशी प्रमाणे दिलेली आहेत. जमीन राखायला हवी हा यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. वाद आहे तो भागाकाराशी.

दहा लाख वस्तीचे एक शहर कल्पा. चाळीस टक्के लोक काम करतात, म्हणजे चार लाख. त्यांतले तीस टक्के उद्योगात, म्हणजे एक लाख वीस हजार. हेक्टरी शंभर कामगार धरले तर बाराशे हेक्टर लागतील. दोनशे धरले तर सहाशे. शंभर की दोनशे, याचे उत्तर तक्ता देत नाही. ते बहुधा जुन्या अहवालातून उचललेले असते. सहाशे हेक्टर म्हणजे कित्येक शेतकरी कुटुंबांची जमीन, आणि ती जाणार की राहणार हे एका गृहीतकावर ठरते, ज्याची चर्चा हरकती-सूचनांच्या सुनावणीत सहसा होत नाही.

प्रत्यक्षातली तफावत दुपटीवर थांबत नाही. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. मुंबईत २०१८ साली मंजूर झालेल्या नियमावलीने रुंद रस्त्यांवरच्या व्यापारी इमारतींना पाचपर्यंत एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, दिला. म्हणजे एका हेक्टरावर पन्नास हजार चौरस मीटर बांधकाम. कार्यालयात माणशी दहा चौरस मीटर धरले तर पाच हजार माणसे. त्याच हेक्टरावर एफएसआय एक असलेली यंत्रशाळा उभी केली आणि माणशी पंचवीस चौरस मीटर धरले तर चारशे. आणि तळमजल्याचे गोदाम बांधले, अर्धा भूखंड ट्रक वळवायला मोकळा सोडला आणि माणशी ऐंशी चौरस मीटर धरले तर जेमतेम साठ. साठपासून पाच हजारांपर्यंत, म्हणजे ऐंशीपटीहून जास्त फरक. ज्या भाजकात इतका फरक पडू शकतो त्याने भागून आलेल्या उत्तराला दशांश चिन्हापुढचे अंक लावण्यात काय अर्थ आहे?

हे केवळ कागदावरचे गणित नाही. मुंबईचा २०३४ चा आराखडा मंजूर होताना त्यातून ऐंशी लाख रोजगार निर्माण होतील असे सांगितले गेले. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे एक कोटी चोवीस लाख होती. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातले काम करणाऱ्यांचे प्रमाण ४४ टक्के होते, आणि त्यात शेतीवर राबणारी सगळी खेडी आली. शहरांत हे प्रमाण कमीच असते. तरी अगदी उदारपणे ४४ टक्केच धरले तर मुंबईत काम करणारे सगळे मिळून साधारण पंचावन्न लाख होतात. घोषणा त्याच्या जवळजवळ दीडपट रोजगारांची. त्यांना जमीन किती लागेल? सगळे पाच एफएसआयच्या कार्यालयांत बसवले तर सोळा चौरस किलोमीटर. सगळे यंत्रशाळांत उभे केले तर दोनशे. मुंबईचे एकूण क्षेत्रच ४५८ चौरस किलोमीटर आहे, आणि त्यात राष्ट्रीय उद्यान आले, खारफुटी आली, विमानतळ आला. एकाच आकड्यातून सोळाही निघतात आणि दोनशेही, तेव्हा तो आकडा नियोजनाचा आधार होऊ शकत नाही.

आता मुंबईच्या गिरणगावाकडे पाहा. सुमारे अठ्ठावन्न कापडगिरण्या, जवळपास सहाशे एकर, म्हणजे दोनशे चाळीस हेक्टरांच्या आसपास जमीन. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा त्यांत सुमारे अडीच लाख कामगार होते. हेक्टरी हजार माणसे! पाठ्यपुस्तकातल्या औद्योगिक घनतेच्या कितीतरी पुढे. याचे कारण सोपे होते: मजल्यावर मजले चढवलेल्या गिरण्या आणि तीन पाळ्या. एक कामगार भोंग्याला बाहेर पडे तेव्हा दुसरा त्याच साच्यावर येऊन उभा राही, आणि त्याच्या चाळीतल्या खोलीतही झोपण्याच्या जागेची अशीच अदलाबदल चाले. जमीन न वाढवता रोजगार तिप्पट करणारी ही पाळी कोणत्याच तक्त्याच्या रकान्यात नसते.

संप मिटला नाही, गिरण्या बंद पडत गेल्या. जमीन तिथेच होती, नकाशावर तिचा रंगही बराच काळ औद्योगिकच होता, आणि रोजगार संपला होता. रंगाने काम टिकत नाही याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. १९९१ च्या नियमाने त्या जमिनीचे तीन वाटे ठरवले, एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरवली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. पुढे लोअर परळला काचेच्या इमारती आल्या, आणि त्यांत पुन्हा हजारो माणसे कामाला लागली. पण ती वेगळी माणसे होती. हेक्टरी कामगारांच्या हिशेबात साचेवाला आणि संगणकावर बसणारी मुलगी सारखीच भरतात. लालबाग-परळच्या घराघरांत ती सारखी भरली नाहीत. बदली कामगाराच्या मुलाला त्या इमारतीत काम मिळाले तर ते बहुधा दारावरच्या सुरक्षारक्षकाचे. आराखडा रोजगाराची संख्या मोजतो आणि कुणाला मिळणार हे सोडून देतो. हा दोष गणिताचा नाही, दृष्टीचा आहे.

गिरण्यांचे उदाहरण एका उद्योगाच्या मरणाचे आहे, त्यावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढू नका, असे कुणी म्हणेल. ठीक आहे. मग नवी मुंबई घ्या. तिथे तर कोरी पाटी होती आणि नियोजनकर्तेही उत्तम होते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ३४४ चौरस किलोमीटरांचा प्रदेश नव्या शहरासाठी ठरला. जमिनीची टंचाई नव्हती. सीबीडी हे नावच बेलापूरला दिले गेले, म्हणजे व्यवसायकेंद्र नकाशावर आधी झाले. तरी कार्यालये कितीतरी वर्षे आली नाहीत. का? कारण त्याच काळात शासनाने नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून कार्यालयांना जागा दिली आणि मंत्रालय जागचे हलवले नाही. शिवाय लोकल गाडी वाशीला पोचली ती १९९२ मध्ये. शहराचा आरंभ आणि रेल्वे यांत बावीस वर्षांचे अंतर! जो माणूस सकाळी वेळेत पोचू शकत नाही त्याच्यासाठी राखलेला हेक्टर रिकामाच राहणार.

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी रसायने आणि अभियांत्रिकी कारखान्यांसाठी आखली गेली होती. तिच्यातल्याच भूखंडांवर ऐरोली, महापे, घणसोलीला आज माहिती तंत्रज्ञानाची टोलेजंग संकुले उभी आहेत. ठाण्याची वागळे इस्टेट, एमआयडीसीची ही पहिली वसाहत, तिचेही तसेच झाले. जिथे टाक्या आणि धुराडी होती तिथे आता संगणकांवर काम चालते. सत्तरच्या दशकातल्या कोणत्याही नियोजनकर्त्याला हे दिसणे शक्य नव्हते, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे अन्याय्य होईल. पण म्हणूनच वीस वर्षांनंतरच्या उद्योगांची वाटणी टक्क्यांनी आज ठरवण्याचा आग्रह सोडायला हवा. सुदैवाने तिथली जमीन मोठ्या भूखंडांची, रुंद रस्त्यांची आणि रेल्वेलगतची होती, त्यामुळे ती नव्या कामाला वापरता आली. भाकीत चुकले तरी रस्ते आणि रूळ उपयोगी पडले.

उलटही घडले आहे. रायगड जिल्ह्यात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी हजारो हेक्टरांची मागणी झाली तेव्हा रोजगाराचेच आकडे पुढे केले गेले. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या बावीस गावांत जनमत घेण्यात आले. ते क्षेत्र झाले नाही. द्रोणागिरी-उलव्याला सिडकोची जमीन ज्या विशेष आर्थिक क्षेत्राला दिली गेली, तेही वर्षानुवर्षे ओसाडच राहिले. जमीन राखणे म्हणजे रोजगार आणणे असते तर उरण-पेणच्या मुलांना कामासाठी लोकलला लटकावे लागले नसते.

आणि आता ते रोजगार, ज्यांना आराखड्यात शून्य हेक्टर मिळतात. १९५९ मध्ये गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्या लिज्जतच्या संस्थेत आज सुमारे पंचेचाळीस हजार भगिनी आहेत. सकाळी शाखेवर मळलेले पीठ वजन करून मिळते. डबा घेऊन बाई घरी येते, पोळपाट मांडते, लाटलेले पापड वाळवते आणि दुसऱ्या दिवशी शाखेवर वजन करून देते, तिथल्या तिथे मजुरी घेते. तिचे कामाचे ठिकाण कोणते? दहा बाय बाराची खोली, गॅलरी, जिना, चाळीची गच्ची. नकाशावर ते सगळे पिवळे, निवासी. पुनर्विकासात त्या चाळीच्या जागी बावीस मजली इमारत येते, गच्चीला कुलूप लागते, आणि एक रोजगार बंद पडतो ज्याची नोंद कुठल्याही अहवालात नव्हती, म्हणून त्याच्या जाण्याचीही होत नाही.

धारावीत हेच फार मोठ्या प्रमाणावर दिसते. कुंभारवाड्यात भट्टी दोन घरांच्या मधल्या अंगणात असते. घर आणि कारखाना यांच्यात भिंतदेखील नाही. तेरा कंपाउंडमध्ये खाली प्लास्टिक निवडायचे, शिडीने वर चढले की तेच धुऊन वाळत घातलेले. शिवणयंत्रांच्या पोटमाळ्यावर दिवसा काम करणारे कारागीर रात्री तिथेच अंथरूण टाकतात. झोपडपट्टी असा एकच शिक्का त्या सगळ्यावर बसतो, आणि पुनर्वसनाच्या हिशेबात घरे मोजली जातात. ती मोजायलाच हवीत, त्या माणसांना चांगली घरे मिळायलाच हवीत. पण भट्टीला, वाळवणाला, हातगाडी लावायला लागणारी जागाही मोजली नाही, तर कुंभाराला सातव्या मजल्यावर घर मिळेल आणि चाक फिरवायला जागा उरणार नाही.

भिवंडीकडे वळले की आकड्यांचा फोलपणा आणखी एका बाजूने दिसतो. कशेळी, काल्हेर, पूर्णा, मानकोली या गावांत भाताच्या शेतांवर गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. कोणत्या आराखड्याने त्या आखल्या? कोणत्याच नाही, बहुतेक आधी झाल्या आणि नियोजन प्राधिकरण मागून आले. महामार्ग आणि बंदराची जवळीक हे एक कारण. दुसरे कारण जकात. मुंबईच्या हद्दीबाहेर माल उतरवला, साठवला आणि लागेल तेवढाच आत नेला तर कर वाचत असे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि जकात गेली, पण तोवर गोदामांचे जाळे तिथे पक्के रुजले होते. आधी तिथे पहारेकरी आणि माथाडींची टोळी एवढाच रोजगार होता. ऑनलाइन खरेदी वाढली तशी त्याच छपराखाली माल वेचणारी, बांधणारी, स्कॅन करणारी मुले-मुली पाळ्यांत उभी राहू लागली. वर्ग एकच, ‘गोदाम’, आणि दहा वर्षांत हेक्टरी माणसे बदलली. करातल्या एका बदलाने जमिनीची गरज हलते हे ज्या पद्धतीत बसत नाही, ती पद्धत भविष्य कसे सांगणार?

तिसऱ्या रकान्याबद्दल, म्हणजे काम करणाऱ्यांच्या प्रमाणाबद्दल, मला सर्वांत जास्त तक्रार आहे. २०११ मध्ये शहरी भारतात पुरुषांत हे प्रमाण सुमारे ५४ टक्के आणि स्त्रियांत सुमारे १५ टक्के होते. तक्ता हे प्रमाण निसर्गनियमासारखे घेतो आणि वीस वर्षे पुढे ओढतो. पण ते इतके कमी का आहे? पापड लाटणारी जनगणनेत पुष्कळदा ‘गृहिणी’ म्हणून नोंदली जाते, हे एक. आणि काम घरापासून दीड तासावर असेल तर शाळेतून येणाऱ्या मुलाला जेवू घालून ते करता येत नाही, हे दुसरे. पुण्याजवळच्या हिंजवडीला लाखोंच्या घरात माणसे कामाला जातात आणि तिथले रस्ते रोज तुंबतात. त्या रस्त्यावर दिवसाचे तीन तास घालवणे परवडत नाही म्हणून नोकरी सोडणाऱ्यांत कोण असते हे पुण्यातल्या कुठल्याही घरात विचारा. शहराची वाईट रचना बायकांना कामापासून दूर ठेवते, मग तेच कमी प्रमाण वापरून पुढची रचना ठरते. असा हा फेरा आहे.

मग जमीन राखूच नये का? बाजार ठरवेल तसे होऊ द्यावे का? हा दुसरा पक्षही मला तितकाच अमान्य आहे. मुंबईत औद्योगिक जमीन निवासी करण्याची वाट उघडली, ‘आय टू आर’ हा बिल्डरांच्या तोंडचा रोजचा शब्द झाला, आणि भांडुप-मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांच्या जागी निवासी मनोरे आले. कारखान्याची जमीन घर होऊ शकते; घरांची जमीन पुन्हा कारखाना होत नाही, कारण दोनशे मालकांची संमती कोण गोळा करणार? हा प्रवास एकाच दिशेचा आहे, म्हणून राखण हवीच. फक्त ती कशाची, हे ठरले पाहिजे.

माझ्या मते जमिनीची राखण अशा कामांपुरती करावी ज्यांना जमिनीवाचून गत्यंतर नाही: वस्तीपासून दूर ठेवावे लागणारे धोक्याचे उद्योग, ट्रक टर्मिनस, घाऊक बाजार, गोदामे, अवजड यंत्रे. यांच्यासाठी कमी-जास्त अशा दोन टोकांमधला अंदाज द्यावा आणि दर पाच वर्षांनी तपासावा. बाकीच्या कामांसाठी हेक्टर मोजणे सोडून चटईक्षेत्र मोजावे, आणि त्याहून आधी ते परवडणारे आहे का ते पाहावे. लेथ चालवणाऱ्याला पाचशे चौरस फुटांचा गाळा हवा असतो, तळमजल्यावर, तीन फेजच्या विजेसह, भाड्याने. जुन्या औद्योगिक सोसायट्यांतले असे गाळे पुनर्विकासात नष्ट होऊ नयेत, झाले तर तेवढेच तिथेच परत मिळावेत, हा नियम नव्या पाचशे हेक्टरांपेक्षा जास्त रोजगार वाचवील. घरात चालणाऱ्या निरुपद्रवी कामाला निवासी विभागात निःसंदिग्ध परवानगी असावी, आणि चाळीच्या पुनर्विकासात गच्ची, अंगण, वाळवणाची जागा ही कामाची जागा म्हणून नोंदली जावी. आणि कोणताही नवा औद्योगिक पट्टा रेल्वे किंवा बससेवेच्या तारखेशी बांधावा. सेवा नाही तर संपादनही नाही.

या सगळ्याला माहिती लागेल, आणि ती सध्या तुटपुंजी आहे. जनगणना २०११ ची. सहावी आर्थिक गणना २०१३ ची; सातवीचे क्षेत्रकाम २०१९ मध्ये सुरू झाले, पण तिचे निष्कर्ष लोकांसमोर आले नाहीत. तरी महापालिका हातावर हात ठेवून बसण्याइतकी आंधळी नसते. मालमत्ता कराच्या नोंदींत प्रत्येक बिगरनिवासी जागेचे क्षेत्र असते. वीज कंपनीकडे व्यापारी आणि औद्योगिक मीटर कुठल्या गल्लीत किती आहेत याची यादी असते. दुकानांच्या नोंदणीचे, कारखाना निरीक्षकांचे दप्तर असते. एमआयडीसीकडे दिलेल्या पण न बांधलेल्या भूखंडांचा हिशेब असतो. हे चार कागद एका टेबलावर आणले तर आज शहर कुठे आणि किती दाटीने काम करते ते प्रभागवार कळेल, आणि नवी जमीन मागण्याआधी जुनी किती पडून आहे तेही.

आपल्या शहराचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांची मुदत फार थोडी असते, आणि बहुतेक लोक तेवढ्यात आपल्या प्लॉटवर आरक्षण पडले की नाही एवढेच पाहतात. तेही पाहा. पण एक अर्ज त्या तक्त्याबद्दलही करा. हेक्टरी कामगार किती धरले आणि ते कुठून घेतले, स्त्रियांचे प्रमाण किती धरले, राखलेली पण रिकामी जमीन किती आहे, आणि आज घराघरांत चालणारे काम कोणत्या रकान्यात मोजले, हे चार प्रश्न लेखी विचारा आणि सुनावणीत लेखी उत्तर मागा.